चंद्रावर न गेलेली भाकरी

मी एक कडक भाकरी बोलतेय. बोलणारी मी असले तरी लिहून घेणारा नागसेन आहे. त्यानं नववीत शाळा सोडली. त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या त्याच्या समजा, आणि शब्द फारच साधे वाटले तर ते माझे समजा. ज्वारीच्या पिठाकडून आणखी कसली अपेक्षा करणार? चुका पोटात घाला, असं म्हणायची पद्धत आहे, पण भाकरीनं ते वाक्य जरा जपूनच वापरावं.

माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं घडलं ते एवढंच, की मी चंद्रावर जाणार होते आणि गेले नाही. तसं बघितलं तर जगातली कुठलीच भाकरी चंद्रावर गेलेली नाही. पण त्यांच्यापैकी कुणाचा जाण्याआधी सत्कार ठरला नव्हता. माझा ठरला होता. म्हणून ही कैफियत.

माझा जन्म तुळजापुरात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, सुमनबाईंच्या चुलीवर झाला. ज्वारी कळंबच्या बाजारातली, मालदांडी. सुमनबाईंचा हात असा आहे, की त्या थापायला लागल्या की भाकरीखालून काटवटीचं लाकूड दिसायला लागतं, तरी ती फाटत नाही. तव्यावर त्यांनी मला फडक्यानं दाबून दाबून माझ्यातलं सगळं पाणी काढलं. मग चुलीच्या कडेला उभी केली, वर्गाबाहेर उभं करतात तशी. ही उपमा नागसेनला लगेच सुचली.

पुरती वाळली की सुमनबाई प्रत्येक भाकरीला नखानं टिचकी मारतात. खणखणीत वाजली की ती विकायच्या दुरडीत जाते, बद्द वाजली की घरात खायला राहते. मी वाजले तेव्हा त्या म्हणाल्या, "आगं बया, ही तर पितळंची ताटलीच." आमच्यात फुगायची पद्धत नाही, ते मऊ भाकरीचं काम. पण त्या दिवशी मी फुगले, आणि पुढचा सगळा घोळ त्या फुगण्यामुळं झाला असं मला वाटतं.

घरात माणसं तीन. सुमनबाई, त्यांचा मुलगा नागसेन, आणि त्यांचे सासरे कोंडिबा. नागसेन सकाळी भाकऱ्यांची चळत सायकलला बांधून दुकानांत आणि लॉजवर पोचवतो. देवीला आलेली माणसं परतीच्या प्रवासाला आम्हाला घेऊन जातात, कारण आम्ही दोन महिने नासत नाही. नागसेन कामाला चोख आहे, पण बोलण्याला नाही. दुकानदारानं "किती?" विचारलं तर बोटं दाखवतो.

कोंडिबांना दात नाहीत. त्यांच्यासाठी बद्द वाजलेल्या भाकरीवर पाण्याचा हबका मारतात, ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, आणि मऊ पडली की ते ती डाळीबरोबर खातात. दुरडीतल्या आम्ही सगळ्या त्या वेळी तोंड फिरवून बसायचो. कडक भाकरीला मऊ पडण्याइतकी दुसरी नामुष्की नाही.

एका दुपारी गल्लीतल्या म्हाताऱ्या मास्तरांची नात अक्षरा घरी आली. ती बाहेरगावी अन्न टिकवण्याचं शिक्षण घेते. सुट्टीला आली होती. दारातच बसली आणि म्हणाली, "सुमनमावशी, तुमच्या भाकऱ्या पाहिजेत. चंद्रासाठी."

सुमनबाईंना वाटलं, चंद्र म्हणजे कुणीतरी मुलगा असावा. "चटणी पन देऊ का त्याला?" त्या म्हणाल्या.

मग अक्षरानं नीट सांगितलं. आतापर्यंत माणसं चंद्रावर गेली ती उतरून, फिरून, परत आली. पुढच्या काळात तिथं मुक्कामाला जायचा विचार चाललाय. आठवडे, महिने राहायचं. तिथून आणखी लांब जायचं. मग खायचं काय? तिथं नेलेला प्रत्येक डबा जड पडतो, आणि पिकवायला माती नाही, पाऊस नाही. तिच्या कॉलेजात मुलांनी गट करून चंद्रावरच्या मुक्कामाची शिदोरी तयार करायची, अशी स्पर्धा होती. हलकी पाहिजे, टिकली पाहिजे, शिजवायला लागू नये. सुमनबाईंच्या डोक्यात शिदोरी तेवढी राहिली, स्पर्धा कानावरून गेली.

"तितं चूल न्हाय?" सुमनबाईंनी विचारलं.

"नाही. हवाच नाही, तर जाळ कसा पेटणार?"

"आन दिवस तरी आपल्यावानीच आस्तोय का?"

"दिवस मोठा. आपल्या चौदा-पंधरा दिवसांइतका एक दिवस. रात्र तेवढीच."

सुमनबाई थापायच्या थांबल्या. "पंधरा दिवसाचा येक दिवस? मग सैपाक किती येळा करायचा बाईनं?"

मला वाटतं, हा प्रश्न मोठमोठ्या माणसांनाही अजून कुणी विचारलेला नसावा.

कोंडिबा कोपऱ्यातून म्हणाले, "पुनवंला जावा म्हनावं. मोठा आस्तोय तवा. उतराया जागा लई."

"आबा, तो मोठा दिसतो. असतो तेवढाच."

"दिसंना का. उतरनाऱ्याला दिलासा."

अक्षरानं दुरडीतल्या भाकऱ्यांना टिचक्या मारून बघितल्या. मला उचललं तेव्हा तिनं दोनदा टिचकी मारली. मग मी आणि माझ्यासारख्या आणखी काही जणी एका स्टीलच्या डब्यात बंद झालो. दोन महिने तसंच राहायचं, मग कॉलेजात परीक्षा. डबा सुमनबाईंच्याच घरात, कोनाड्यात. मी मनात म्हटलं, चंद्रावर जाणाऱ्यांना असंच आधी एकटं राहायला शिकवत असतील. खरं म्हणजे आम्ही डब्यात दाटीवाटीनं बसलो होतो आणि दिवसभर कोण जास्त खणखणीत यावर भांडत होतो.

आता गोंधळ कसा झाला ते सांगते.

नागसेन भाकऱ्या द्यायला धुळाप्पाच्या हॉटेलात गेला. धुळाप्पा चहा कमी आणि बातम्या जास्त विकतो. "आज भाकऱ्या कमी का रं?" त्यानं विचारलं. नागसेन म्हणाला, "चंद्रासाठी ठेवल्यात." पुढं तो बोलणार होता, की ही कॉलेजातल्या मुलांची स्पर्धा आहे, खरं यान वगैरे काही नाही. पण त्याची दोन वाक्यांमध्ये थांबायची सवय आहे. तेवढ्या वेळात धुळाप्पानं बाजूच्या टेबलाला सांगितलं. बाजूच्या टेबलानं रिक्षास्टँडला सांगितलं. नागसेननं दुसरं वाक्य तयार केलं तोवर त्याच्या आईची भाकरी निम्म्या वाटेवर गेलेली होती.

संध्याकाळी बायका सुमनबाईंकडं आल्या. कुणी म्हणालं, रॉकेट कुठनं सुटणार? कुणी म्हणालं, मीठ घालू नको, मिठानं तहान लागते आणि तिथं पाणी नाही. सुमनबाईंनी नागसेनकडं बघितलं. "खरंच जानार का रं?"

नागसेन म्हणाला, "बघू."

मराठीत 'बघू'चा अर्थ ज्याला जो पाहिजे तो घेता येतो. सुमनबाईंनी 'हो' असा घेतला.

गल्लीत वीरप्पा म्हणून एक आहेत. कुणाचंही काहीही झालं की त्यांना फ्लेक्स लावल्याशिवाय करमत नाही. त्यांनी माझा फोटो मागवला. नागसेननं डबा उघडून मला दारातल्या उजेडात धरलं, वीरप्पांनी फोनवर टिपलं. चौथ्या दिवशी समाजमंदिरासमोर फ्लेक्स लागला. 'आपल्या गल्लीची भाकरी चंद्रावर! सुमनबाई यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांचे फोटो, सगळे काळे चष्मे लावलेले. छापणाऱ्याकडून मात्र एक गडबड झाली होती. आभाळात मी होते आणि सुमनबाईंच्या हातात चंद्र होता. दोघंही गोल, दोघांच्याही अंगावर डाग. आठवडाभर कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही. एका पोरानं दाखवून दिल्यावरही वीरप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. दोन्ही चांगलेच दिसायलेत."

सत्कार दोन महिन्यांनंतरच्या एका रविवारी संध्याकाळी ठरला. कॉलेजातली परीक्षा आदल्या दिवशी, शनिवारी होती.

सुमनबाईंचा आजवर कुणी सत्कार केला नव्हता. त्यांची जांभळी साडी पेटीतून निघाली. त्या काम करता करता मध्येच थांबायच्या आणि म्हणायच्या, "मला बोलाया लावतील व्हय रं?" नागसेन मान हलवायचा. त्या मानेचा अर्थ काय ते त्याचं त्याला ठाऊक. डब्यातून मला सगळं ऐकू यायचं. रोज सकाळी तो आईच्या मागं येऊन उभा राहायचा, घसा खाकरायचा, आणि म्हणायचा, "पिठाचं पोतं आणायचंय का?" त्या दोन महिन्यांत घरात पीठ जरा जास्तच झालं.

त्याला सांगायचं एवढंच होतं, की भाकरी चंद्रावर जात नाही. आणि रविवारच्या आत सांगायचं होतं. नाहीतर सगळ्या गल्लीदेखत, अंगावर शाल पडत असताना, कुणीतरी भलताच माणूस ते सांगेल आणि आईच्या वाट्याला हसू येईल. हे त्याला पक्कं कळत होतं. कळणं त्याला नेहमीच जमतं. पुढचं जमत नाही.

मला मात्र हे सगळं नकोसं मुळीच वाटत नव्हतं, हेही कबूल करते. फ्लेक्सवर आभाळात झळकल्यानंतर कुठल्या भाकरीचं डोकं ठिकाणावर राहील?

शनिवारी सकाळी आम्ही एसटीनं निघालो. मागच्या सीटवर नागसेनच्या मांडीवर डबा. त्याच्या पिशवीत त्याची स्वतःची न्याहारी, फडक्यात बांधलेली एक भाकरी आणि चटणी. ती भाकरी बद्द वाजलेली होती. शेजारणीशी बोलता बोलता सुमनबाईंचा हात जरा थबकला होता, त्यामुळं ती जाड झाली होती. डब्यातल्या आम्ही तिच्याशी बोललो नाही. रस्त्यात इतके खड्डे, की आम्ही एकमेकींवर आपटत होतो, पण एकीलाही तडा गेला नाही. मी म्हटलं, एसटीच्या मागच्या सीटवर जी टिकली तिला रॉकेटचं काय भय?

कॉलेजात एका खोलीत मुलांनी पांढऱ्या कापडाचा तंबू उभारला होता. आत एक घडीचं टेबल, एक खुर्ची, आणि हवा फिरवणारा पंखा. पंख्यापुढं पांढरं कापड ताणलेलं. हे चंद्रावरचं घर. परीक्षा घ्यायला प्रमोदिनी मॅडम होत्या. त्यांनी मला वजनकाट्यावर ठेवलं, वाकून वास घेतला, उजेडात धरलं. "उत्तम," म्हणाल्या. "हलकी आहे. दोन महिन्यांनंतरही काही नाही." नागसेन दाराशी उभा होता. त्याचे कान लाल झाले. माझं काही विचारू नका.

मग खाण्याची परीक्षा. तंबूत मुकुल बसला, अक्षराच्या गटातला. मुकुल भूम तालुक्यातल्या ईट गावचा. सूचना होती की भाकरीचा तुकडा अगदी हळू मोडायचा आणि तोंडात टाकायचा. मुकुलनं मान डोलावली. पण ज्याचं लहानपण कडक भाकरीवर गेलं, तो ती हळू मोडत नाही. त्यानं मला गुडघ्यावर ठेवलं आणि वरून एक बुक्की घातली.

आवाज खणखणीत आला. तेवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवा.

माझा पाव भाग उडाला. त्याचा चुरा टेबलावर, मुकुलच्या मांडीवर, आणि पंख्यानं ओढून त्या पांढऱ्या कापडावर. बघता बघता कापड भुरं झालं. मुकुल जीभ चावून म्हणाला, "सॉरी मॅडम, हात गेला." मग त्यानं माझ्या मैत्रिणींना हळू मोडून बघितलं. त्याही तशाच. हळू मोडलं तर चुरा हळू उडाला, एवढाच फरक. एक एक करून सगळ्या गेल्या.

प्रमोदिनी मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. यानातून जाताना कशालाच वजन नसतं. हा चुरा खाली पडणारच नाही. तो तरंगत राहील, माणसांच्या नाकात जाईल, डोळ्यांत जाईल, यंत्रांत जाईल. चंद्रावर पोचल्यावर तो खाली बसेल, पण सावकाश. आणि तिथलं घर म्हणजे बंद डबा. खिडकी उघडून झटकायची सोय नाही. "चवीला तोड नाही," त्या म्हणाल्या, "पण ही भाकरी बरोबर दिली, तर माणसं चंद्र बघायचं सोडून झाडूच मारत बसतील."

सुमनबाईंच्या अंगणात माझा चुरा चिमण्या वेचतात. चंद्रावर चिमण्या नाहीत, ही गोष्ट माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती. ज्या आवाजासाठी मला सगळ्यांतून उचललं, तोच आवाज माझ्या आड आला. मोडेन पण वाकणार नाही, हे वाक्य माणसांच्या तोंडी शोभून दिसतं. भाकरीच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच, की झाडून काढावं लागतं.

अक्षराचा चेहरा उतरला. मॅडम म्हणाल्या, "अगं, वाळवलेल्या अन्नात खाताना पाणी घालतातच की. तुम्ही हिच्यावर पाणी का नाही मारून बघितलं?"

अक्षरानं नागसेनकडं बघितलं. नागसेननं जमिनीकडं. दोघांच्याही घरात बिनदातांचं माणूस आहे. दोघांनीही उभा जन्म ओल्या फडक्यातली भाकरी बघितली आहे. पण ती म्हाताऱ्यांची. चंद्रावर जाणारी माणसं तरणीताठी, त्यांना कशाला तसली द्यायची, असं एवढी शिकलेली अक्षरा आणि नववीत शाळा सोडलेला नागसेन, दोघांनीही न बोलता धरून ठेवलं होतं.

माझ्या उडालेल्या पाव भागातल्या एका तुकड्यावर त्यांनी पाणी मारलं. मी इतकी पातळ, की भिजल्याबरोबर माझ्या चिंध्या झाल्या. बोटाला चिकटले. तो प्रसंग मला आठवायचाही नाही.

"दुसरी आहे का?" मॅडमनी विचारलं.

डबा रिकामा होता. माझं पाऊण अंग तेवढं टेबलावर. नागसेननं फार वेळ पिशवीशी चाळा केला, मग न्याहारीची भाकरी काढून पुढं केली. "ही... ही घरची हाय. बद्द हाय," तो म्हणाला. त्या खोलीत तो बोलला तेवढंच.

त्या बद्द भाकरीवर पाणी शिंपडलं, ती पिशवीत घातली, पिशवी बंद केली. थोड्या वेळानं बाहेर काढली तर रुमालासारखी. मुकुलनं तिच्यात ओली चटणी भरून सुरळी केली आणि चावा घेतला. एक कण खाली पडला नाही. पांढरं कापड पांढरं राहिलं. मॅडम म्हणाल्या, "अशा आणा. पुढच्या फेरीत बघू."

ती मुकुलच्या पोटात गेली. टेबलावर मी उरले, पाऊण, खणखणीत, कुणाच्याही कामाची नसलेली.

घरी आल्यावर सुमनबाईंनी विचारलं, "झालं का रं?" नागसेन म्हणाला, "झालं." मग तो पिठाचं पोतं आणायला गेला.

रविवारी दुपारी सुमनबाई जांभळी साडी नेसत होत्या. समाजमंदिराकडून लाऊडस्पीकरची खरखर ऐकू येत होती. नागसेन दारात येऊन उभा राहिला. घसा खाकरला. मला वाटलं, आता पुन्हा पीठ.

"आये."

"बोल की."

"भाकरी जात न्हाय."

"कुठं?"

"चंद्रावर."

"आज न्हाय व्हय?"

"आजबी न्हाय, उद्याबी न्हाय. ती कॉलेजातली स्पर्धा हाय. पोरं नुस्ता इचार करायलेत, पुढं लोक तितं ऱ्हायला गेले तर काय खातील म्हनून."

सुमनबाई हातात निऱ्या धरून तशाच उभ्या राहिल्या. "मग लोकांला कुनी सांगितलं?"

"म्या न्हाय सांगितलं. न्हाय म्हनायचं ऱ्हाऊन गेलं."

"आन मला? मला सांगाया काय तोंड न्हवतं तुला?"

"हुतं. उघडत न्हवतं."

मग त्यानं बाकीचंही सांगून टाकलं. बुक्की, चुरा, पांढरं कापड, पाणी. एकदा वाट सापडल्यावर तो थांबेना. शेवटी म्हणाला, "आन ती जाड भाकरी पास झाली."

"कंची? ती बद्द वाजल्याली?"

"व्हय."

"शेजारनीसंगं बोलता बोलता थापल्याली?"

"व्हय."

चंद्र गेला त्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं असावं. त्या पाटावर बसल्या. अर्ध्या नेसलेल्या साडीत. नागसेन उभाच होता. मी डब्यात.

मग सुमनबाई उठल्या, निऱ्या खोचल्या, खांद्यावर पिन लावली. "चला मामा," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "लोक बसलेत."

"आये, जायचंच का?" नागसेन म्हणाला.

"चंद्राचं मला ठाव न्हाय. माझ्या भाकरीचं म्या सांगते. तो डबा घे."

समाजमंदिरासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. प्रतिमांपुढं मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. टेबलावर एका ताटात झेंडूच्या फुलांमध्ये मला ठेवलं. पाव भाग नाही हे दिसू नये म्हणून वीरप्पांनी त्या बाजूला दोन फुलं जास्त ठेवली. नंतर ते भाषणाला उभे राहिले. त्यांनी मला चंद्रावर पोचवलं, तिथून मंगळावर नेलं, आणि तिथल्या लोकांनी तुळजापूरचं नाव विचारल्याचंही सांगितलं. टाळ्या झाल्या. मी फुलांच्या आड जमेल तेवढी लपले.

सुमनबाईंच्या अंगावर शाल घातली. धुळाप्पानं माईक पुढं केला. "दोन शब्द बोला, बाई."

त्यांनी माईक धरला तो उलथन्यासारखा. "म्या चंद्रावर कायबी पाठीवलं न्हाय," त्या म्हणाल्या. "मास्तरांच्या नातीनं परीक्षेला भाकऱ्या न्हेल्या. त्या नापास झाल्या. फुटल्या. फुटनारच. फुटावी म्हनूनच म्या तशी करते. त्येंना न फुटनारी पायजे. आमचं मामा खात्यात तसली, पानी मारून." त्या थांबल्या. "माझ्या पोराला हे सांगाया लई दिवस लागले. पन सांगितलं त्यानं. शाल माघारी घ्यायची तर घ्या."

काळे चष्मेवाले एकमेकांकडं बघायला लागले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून कोंडिबा म्हणाले, "पानी मारून खात्यात? मग म्या तर कवाधरनं चंद्रावरच हाय म्हना की."

कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळी गल्ली हसली. सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते ते सगळ्यांना दिसलं. वीरप्पा माईक परत घेत म्हणाले, "शाल ऱ्हाऊ द्या, बाई. ती काय चंद्रावरनं आल्याली न्हाय, सोलापूरवरनं आनलीय."

मग सगळ्यांना चहा झाला. धुळाप्पानं दिला, पातळच.

घरी येताना सुमनबाई नागसेनला एवढंच म्हणाल्या, "जाड भाकरी माझ्या हातनं व्हायची न्हाय. चुकून झाली ती झाली. मुद्दाम थापाया बसले तर हात ऐकायचा न्हाय माझा. तुमाला पायजे तर तुमी शिका."

तेव्हापासून मी परत कोनाड्यातल्या डब्यात आहे, झाकण आता उघडंच असतं. पाऊण आहे, पण अजून नासलेली नाही. एवढा एक गुण माझ्याकडून कुणाला काढून घेता आला नाही. मला कुणी खात नाही, कारण मी नमुना आहे. फेकत नाही, कारण माझा सत्कार झालाय. निम्म्या जगाची हीच गत असते म्हणतात.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. माणसं आज ना उद्या चंद्रावर राहायला जातील. तिथं घर बांधतील, मोठमोठी कामं करतील, आणखी लांब जायच्या वाटा शोधतील. त्यांच्या पानात मी नसेन. असलीच तर कुणीतरी जाड, बद्द, वाकणारी असेल. तिच्यावर मी जळते, हे लपवत नाही. पण पंधरा दिवसांच्या त्या दिवसात कितीदा रांधायचं आणि ते कुणी, हा सुमनबाईंचा प्रश्न तेवढा जाणाऱ्यांच्या कानावर घाला. यान बांधायच्या आधी विचारला तर बरं.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नागसेननं हात कोपरापर्यंत धुतले आणि आईच्या जागेवर बसला. उकळतं पाणी पिठात ओतून मळायला गेला तशी बोटं पोळली. त्यानं ती तोंडात घातली, काढली, आणि परत पिठात घातली. सुमनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातात चहाची कपबशी. त्या वेळी त्यांना बसलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. उंडा काटवटीत ठेवून तो थापायला लागला. भाकरी एका बाजूला पळाली, दुसऱ्या बाजूला चिरली. "फिरीव," त्या म्हणाल्या. "थापताना फिरीव तिला." त्यानं ती गोळा केली, हाताला पीठ लावलं, आणि पुन्हा थापायला घेतली.